मुकाम नसलेली सभा

नांदेड

उदगीरचं रणांगण अस्तित्वात नाही, असं मला सरकारने लेखी कळवलं. म्हणून मी ते बघायला गेले.

उदगीरला एक मराठी वाचनालय आहे. दोन कपाटं, एक सतरंजी आणि नरहर गुरुजी, एवढाच त्याचा संसार. गुरुजींनी मला पत्र पाठवून व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय उदगीरची लढाई, बोलायचं उदगीरलाच, आणि मराठीतून. मी लगेच होकार कळवला. आपल्या या निजामाच्या राज्यात सभेला आधी इजाजत लागते, आणि इजाजतीशिवाय सभा झाली तर ज्या जागेत ती झाली त्या जागेला कुलूप पडतं. वाचनालयाला एकदा ताकीद मिळून चुकली होती. दुसऱ्यांदा कुलूपच पडणार, आणि ते पडलं की दोन कपाटांतली सगळी पुस्तकं आत कुजणार, हे गुरुजींनी पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. त्यामुळे मी अर्ज केला तेव्हा ‘मुकाम’ या रकान्यात वाचनालयाचं नाव घातलं नाही. सभेची जागा म्हणून लिहिलं: लढाईचं मैदान, उदगीर.

अर्ज परत आला. वर लाल शाईने उर्दू शेरा. कुठल्या कचेरीतून आला आणि सही कोणत्या साहेबाची होती ते मी लिहीत नाही. त्यांनी माझ्या मैदानाचं नाव घेतलं नाही, मीही त्यांचं घेत नाही.

शेरा दत्तूमामाने वाचून दाखवला. दत्तूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. नांदेडला कोर्टाबाहेर लिंबाच्या झाडाखाली चटई टाकून बसतो आणि लोकांची गाऱ्हाणी उर्दूत लिहून देतो. अर्जनवीस. पंचवीस वर्षं दुसऱ्यांची भांडणं अदबीच्या भाषेत लिहून त्याचा स्वतःचा आवाजही अदबीचा झालाय.

“‘ऐसा कोई मुकाम नहीं है. दरखास्त वापस,’” मामाने वाचलं. “खाली सही, शिक्का. शिक्का छान उमटला बघ.”

“मैदान नाही? ज्या मैदानावर यांची फौज हरली ते मैदानच नाही?”

“हळू बोल. कागदावर न्हाई, एवढंच म्हणून राहिले ते.”

हळू बोलायला मी कधी शिकलेच नाही. आमच्या घरी बाबांची एक पत्र्याची ट्रंक होती. तीत हद्दीपलीकडच्या सोलापूरकडून गुपचूप आलेली पत्रकं असायची. इतर मुली ‘ग’ गणपतीचा शिकल्या. मी ‘ज’ जुलमाचा शिकले. बाबा गेले, ट्रंक राहिली. उदगीरच्या लढाईवरचं एक चार पानी पत्रक मला तोंडपाठ होतं. त्यात मैदान होतं, धूळ होती, विजय होता. आणि आता एक लाल शेरा म्हणत होता की मैदान नाही.

“मी जाऊन शोधते,” मी म्हणाले. “सापडलं की नीट पत्ता लिहून पुन्हा अर्ज करते.”

“अन् न्हाई सापडलं तर?”

“तरी बोलते.”

मामाने कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन दारात हजर. आईने पाठवलं होतं. पोरीजवळ उर्दू वाचणारं कुणीतरी असावं, एवढंच तिचं म्हणणं. पिशवीत धोतर, डबा, दौत-लेखणी आणि माझा तो परत आलेला अर्ज.

“हा कशाला?”

“शिक्क्याचा कागद टाकायचा नसतो, सुमे. कुणाचा बी असो, कसा बी असो.”

निघण्याआधी मी गोदावरीवर गेले. थंडीत नदी अंग चोरून वाहते. घाटाच्या शेवटच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर बायका धुणं आपटतात. वर किल्ल्याचा उरलेला बुरूज. आम्हा नांदेडकरांना आपल्या गावात किल्ला आहे हे पाहुणा आला की आठवतं. मला त्या सकाळी तो पहिल्यांदाच नीट दिसला. चिरे निखळलेले, खाली धुण्याचे दांडे, आणि बुरजाच्या भेगेत उगवलेलं पिंपळाचं रोप. कोणत्याही कचेरीची परवानगी न घेता उगवलेलं.

कंधार

कंधारला पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. मन्याड नदीच्या काठचं हे गाव एके काळी मोठ्या राजांची राजधानी होतं म्हणतात, आणि किल्ला पाहिला की पटतं. डोंगरावर नाही, सपाटीवर; म्हणून त्याने आपली उंची पाण्याकडून उसनी घेतली आहे. चारी बाजूंनी रुंद खंदक, हिरवं पाणी, आणि त्यात उलटा दिसणारा तट. पाणी हललं की तट हलतो. मी बराच वेळ खडे टाकत उभी राहिले आणि एक अख्खं राज्य थरथरताना पाहिलं. फार समाधान वाटलं.

दारात पहारेकरी वही घेऊन बसला होता. नाव, गाव, येण्याची सबब. मी देवनागरीत माझं नाव लिहिलं आणि सबब म्हणून लिहिलं, ‘इतिहास पाहणे’. पहारेकऱ्याने वही उलटी धरली, सुलटी धरली.

“बाई, ये नहीं चलता.”

“का नाही चालत? मला चालतं.”

मामाने माझ्या हातातली लेखणी हळूच काढून घेतली आणि माझ्या ओळीखाली उर्दूत एक शब्द लिहिला. पहारेकऱ्याने सलाम केला.

“काय लिहिलंस?”

“सैर.”

“मी सैर करायला आले नाही मामा!”

“ऐक. प्रत्येक कागदासाठी एक शब्द असतो. तो लिहिला की पुढं कुणी काही विचारत न्हाई. इथं तो सैर हाय. मी पंचवीस वर्षं हेच करून राहिलो. लोकांचे शब्द काढायचे अन् चालणारा शब्द घालायचा.”

“मग तुझा स्वतःचा शब्द कोणता?”

मामाने लेखणी माझ्या हातात परत दिली. आतल्या तटावर एक फारसी शिलालेख होता, तो वाचायला खंदकाच्या काठावर चढला. “बांधणाऱ्याचं नाव हाय,” तो मान लांब करत म्हणाला, “मग त्याची स्तुती, मग परत त्याचं नाव. अर्ज असाच सुरू करायचा अस्तो...” आणि त्याची काळी टोपी डोक्यावरून सुटून खंदकात पडली.

टोपी बुडाली नाही. संथपणे तरंगत तटाच्या सावलीकडे निघाली. पहारेकऱ्याने बांबू आणला, पण तो टोपीपासून हातभर लांबच राहिला. माझ्या मामाला मी बोडक्या डोक्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने खांद्यावरचा पंचा डोक्याला गुंडाळला आणि खिन्नपणे म्हणाला, “आता साहेबासमोर कसा उभा राहू मी?”

“कुठल्या साहेबासमोर?”

“तू बरोबर हायस. कुणीतरी साहेब येणारच.”

दुपारी मामाच्या एका ओळखीच्यांकडे धपाटे आणि घट्ट दही झालं. वहीतली ‘सैर’ मात्र मला धपाट्याबरोबर गिळता आली नाही.

अहमदपूर

कंधार ते अहमदपूर दमणीने गेलो. बैलांना घाई नव्हती, मामाला नव्हती. सगळी घाई माझ्याकडे. दोन्ही बाजूंना हुरड्याला आलेली ज्वारी. अहमदपूरच्या बाजारात सुसला खाल्ला: भिजवलेले चुरमुरे, कांदा, मिरची, वर दाण्याचं कूट. नांदेडचा सुसला कोरडा असतो. इथला ओलसर आणि तिखट, एका घासात डोळ्यांतून पाणी. दुकानदार म्हणाला, “तीन दिसांनी येळवस हाय ताई, दुकान बंद. आज खाऊन घ्या.”

येळवस आमच्याकडे नावापुरती. इकडे मात्र त्या अमावस्येला गाव बंद होतं. सगळी माणसं डोक्यावर जेवण घेऊन आपापल्या रानात जातात, काळ्या आईला नैवेद्य दाखवतात आणि दिवसभर तिथेच राहतात. दुकानदाराने एवढं सांगितलं आणि वर म्हणाला, “त्या दिवशी गावात कुत्रं बी रहात न्हाई.”

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पुढे त्याच वाक्यावर सगळं उभं राहायचं होतं, हे मला काय माहीत.

उदगीर

उदगीरचा किल्ला उर्मट आहे. तीन बाजूंनी दरी आणि चौथ्या बाजूने कातळात खोदलेला खंदक, इतका खोल की खाली खडा टाकला तर आवाज उशिरा येतो. मला तो फार आवडला.

किल्ल्याची देखभाल करीमचाचा नावाचे एक म्हातारे करतात. दाढी मेंदीने रंगवलेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी त्यांना पहिलाच प्रश्न विचारला तो मैदानाचा. लढाई कुठे झाली?

“लडाई?” चाचा हसले. “पहले ये बोलो अम्मा, मरहटों की तोपें कौन चलाया?”

माझ्या पत्रकात तोफा होत्या, तोफा चालवणारा नव्हता. मी वही काढली.

“हमारा आदमी था. मुसलमान. पुणेवाले का नमक खाया, पुणेवाले के वास्ते लडा. अगले साल पानिपत में उनकेच वास्ते मरा. और निजाम की तरफ मरहटे बी थे, अच्छे अच्छे घर के. तुम्हारी किताब में है क्या ये?”

“नाही.”

“तो लिख लेव.”

मी मामाकडे पाहिलं. त्याने मान हलवली; अशा गोष्टी कोर्टाबाहेरच्या झाडाखाली त्याने खूप ऐकल्या असाव्यात. मी वहीत लिहून घेतलं, आणि लिहिताना कान तापले. इतकी वर्षं मी ते पत्रक तोंडपाठ म्हणत होते, आणि ज्याच्या तोफांनी ती लढाई जिंकली तोच माणूस त्यातून वगळला होता. नाव वगळायला शेराच लागतो असं नाही.

किल्ल्यावरून वाचनालयात गेलो. नरहर गुरुजी म्हणजे पन्नाशीचा सडपातळ माणूस. हसतात तेव्हाही चष्मा काळजीने भरलेला असतो. त्यांनी कपाटं उघडून दाखवली. पुस्तकांच्या पाठीला वर्तमानपत्राचे कागद चिकटवलेले, प्रत्येकावर त्यांच्या हातचा क्रमांक.

“ताई, तुम्ही आलात याचा आनंद आहे,” ते म्हणाले, “पण इथं बोलू नका. तुमचा अर्ज परत आला हे पोलीस ठाण्याच्या जवानाला कळलंय. तो रोज दोनदा येऊन सतरंजी किती झिजली ते बघतो.”

“इथे नाही बोलणार. मैदानावर बोलेन.”

“मैदान कुठंय?”

ते त्यांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि मामा औशाच्या वाटेने निघालो. भेटेल त्याला विचारलं. एकाने देवळाकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने तळ्याकडे, तिसऱ्याने मामाला विचारलं की मोजणीवाले आहात का. दोन-अडीच मैलांवर एका रानात एक बाई कडब्याची कोप बांधत होती. येळवसीला कडब्याची अशी छोटी झोपडी उभी करून तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड चुना लावून मांडतात. बाईचं नाव गोदाक्का. कासोटा घट्ट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

“लढाईचं मैदान?” गोदाक्काने कडब्याची पेंढी खाली टाकली. “थांबा.”

ती बांधावरून एक काळा, जड, गोल दगड घेऊन आली. दगड नव्हता, लोखंड होतं. तोफेचा गोळा.

“माझ्या रानात निघाला. ह्यानं मी मीठ कुटते.”

मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. “म्हणजे लढाई इथे झाली!”

“इथं कशी? माझ्या दिराच्या रानात बी निघाला, त्यो तिकडं अर्ध्या कोसावर. माझ्या माहेरी बी निघाला, ते तर औशाच्या बाजूला. ह्या वाटेनं कुठं बी खोल नांगर घाला.”

“मग मैदान कुठलं?”

गोदाक्का माझ्याकडे अशी बघत राहिली जशी लहान मुलीकडे बघतात. “बाई, फौज काय सतरंजी टाकून लढती व्हय? निजामाची फौज तोफा घेऊन औशाकडं चालली, मराठे बाजूनं मारीत चालले. आमचा आज्जा सांगायचा. लढाई उदगिरात न्हाई झाली. उदगिरातनं निघाली.”

मी बांधावर बसले. पुस्तकी माणसाची चूक मी केली होती: लढाईला मुकाम असतो असं धरून चालले होते. सरकारचा लाल शेरा खरा निघाला होता. ‘ऐसा कोई मुकाम नहीं है.’ नव्हताच. लढाई चालती होती.

आणि चालत्या लढाईवरचं व्याख्यान बसून कशाला द्यायचं?

“अक्का,” मी विचारलं, “उद्या येळवसीला या वाटेने किती माणूस येईल?”

“किती म्हंजी? सगळं गाव. तुम्ही बी या माझ्या रानात. वाटेनं जाणाऱ्याला त्या दिवशी न्हाई म्हणत न्हाईत.”

मामाने पंचा डोक्यावर घट्ट केला. “सुमे,” तो म्हणाला, “तुझ्या तोंडावर काय दिसून राहिलंय ते मला आवडत न्हाई.”

औशाची वाट

येळवसीच्या सकाळी उदगीर घराबाहेर पडलं. बायकांच्या डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. गड्यांच्या डोक्यावर आंबिलीची मडकी, तोंडाला कापड बांधलेली. वाचनालयात एकही माणूस जमला नव्हता. गुरुजींनी स्वतः दार लावून किल्ली खिशात टाकली होती. वेशीबाहेर आल्यावर मी गुरुजींच्या बाजूला चालत बोलायला सुरुवात केली, आधी त्यांच्यापुरतीच.

“उजवीकडे बघा. या माळावरून निजामाची फौज निघाली. मधोमध तोफा, भोवती पायदळ, चालता किल्लाच.”

पुढच्या बाईने मान वळवली. मागच्या दोघांनी पावलं लांब टाकली. बघता बघता माझ्याभोवती वीस-पंचवीस माणसं झाली, मग पन्नास. मी आवाज वाढवला. वाट चढली की दम लागे, मग मी थांबून श्वास घ्यावा तर मामा मागून ढकले: “थांबू नको! चाल!” मामाला काहीतरी कळलं होतं जे मला अजून कळलं नव्हतं.

जवान सायकलवर आला. गर्दीत सायकल चालेना, तेव्हा उतरून ढकलू लागला.

“क्या चल रहा है इधर?”

“आम्हीच चाललोय,” टोपलीखालून एक बाई म्हणाली, आणि पन्नास माणसं हसली.

“ये जलसा है! रुको सब!”

मामा पुढे झाला. डोक्याला पंचा, हात जोडलेले, आवाज अदबीचा. “हुजूर, थांबवू नका. थांबलो तर सभा होईल. अन् ती तुमच्या हुकमानं झाली असं होईल.”

जवान विचारात पडला. सायकल ढकलत आमच्याबरोबर चालू लागला.

मग मी तोफखान्याचं सांगितलं. मराठ्यांच्या तोफा एका मुसलमान सरदाराच्या हाती होत्या, आणि निजामाच्या बाजूला मराठे जहागीरदार होते. चालणाऱ्यांत एक तरुण होता, माझ्यासारखाच पत्रकांवर वाढलेला. त्याला ते रुचलं नाही.

“ताई, हे कशाला सांगता? लोकांचा जोर जातो.”

“खोट्याने येणारा जोर मला नको,” मी म्हणाले. “माझं भांडण कुठल्या धर्माशी नाही. आपल्याच जमिनीवर, आपल्याच भाषेत बोलायला इजाजत मागायला लावणाऱ्या राज्याशी आहे. तो सरदार ज्याचं खाल्लं त्याच्याशी इमान राखून मेला. आपण ज्या मातीचं खातो तिच्याशी आपलं इमान आहे की नाही, एवढंच मी विचारायला आले.”

कोणी टाळी वाजवली नाही; हात डोक्यावरच्या टोपल्यांना होते. पण चालण्याचा आवाज बदलला. पावलांच्या पन्नास-साठ जोड्या एका तालात पडू लागल्या. आजवर मी टाळ्या खूप ऐकल्या आहेत. तसा आवाज पुन्हा ऐकला नाही.

गोदाक्काच्या रानाशी व्याख्यान संपलं, कारण वाट माणसांना वाटून घेऊ लागली. एकेक घर आपापल्या बांधाकडे वळलं. अक्काने पांडवांना हळदकुंकू वाहिलं, कोपेभोवती आंबील शिंपडली आणि आम्हाला पळसाच्या पानावर वाढलं. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, तर रानातल्या सगळ्या शेंगा, भाज्या आणि बेसन एकत्र शिजवलेलं दाट कालवण. हरभऱ्याचे सोले, तुरीचे दाणे, गाजर, चिंचेचा आंबटपणा. बाजरीचा उंडा कुस्करून त्यात बुडवायचा. वर गाडग्यातून ताकाची आंबील. नांदेडला मी असलं काही खाल्लेलं नाही, आणि एवढं तर कुठेच नाही.

जवान बांधावर सायकल धरून उभा होता.

“ये बाबा,” अक्का म्हणाली, “तू बी वाटेनंच आलास.”

तो बसला. तीन गाडगी आंबील प्याला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, “रिपोट तो देना पडेगा, अक्का.”

“दे की. जेवून दे.”

कचेरी

दुसऱ्या दिवशी सकाळी दौऱ्यावर आलेल्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, आम्हाला बोलावलं. मला, मामाला आणि नरहर गुरुजींना. अमीन उद्धट नव्हते. मध्यम वयाचे, सर्दी झालेले, नाकाला रुमाल. समोर छापील कागद.

“बाई, तुम्ही लहान आहात,” ते मराठीतच म्हणाले. “मामांनी कैफियत लिहून आणलीय. सही करा आणि नांदेडला जा.”

मामाने रात्री बसून उर्दूत लिहिलेला कागद माझ्यापुढे सरकवला. सुंदर अक्षर. मला त्यातला एकच शब्द ओळखता आला; कंधारला पाहिला होता. सैर.

“यात काय आहे?”

“तू किल्ले बघायला आलीस,” मामा माझ्याकडे न बघता म्हणाला. “येळवसीला रानात जेवलीस. बस्स.”

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरी तो सगळा कागद खोटा होता. ओझ्याखाली मान ताठ ठेवून माणसांनी जे ऐकलं, ते ऐकलंच नाही असं मी लिहून द्यायचं?

“सही करणार नाही,” मी म्हणाले. “सभा होती. मी बोलले.”

गुरुजींनी डोळे मिटले. अमीनसाहेबांनी उसासा टाकून छापील कागद ओढला आणि टाक दौतीत बुडवला.

“सभा. ठीक. बोलणारी, तुम्ही. मुकाम?”

“औशाची वाट.”

“वाट मुकाम नसते. मुकाम म्हणजे एक जागा. लोक कुणाचे? वाचनालयाचे. बोलावलं कुणी? वाचनालयाने.” टाक रकान्याकडे निघाला. “मुकाम, वाचनालय.”

त्या क्षणी मला माझ्या खरेपणाची भीती वाटली. माझा शब्द राहत होता आणि दोन कपाटं जात होती. गुरुजींचा हात खिशातल्या किल्लीवर गेलेला मी पाहिला. त्या माणसाने मला एका शब्दानेही अडवलं नाही.

“वाचनालय नाही!” मी ओरडले. “सभा लढाईच्या मैदानावर झाली. मी अर्जात लिहिलं होतं तिथेच!”

“कुठलं मैदान?”

 उत्तर पिशवीतून निघालं.

दत्तूमामा उभा राहिला. डोक्याचा पंचा त्याने काढून खांद्यावर टाकला. बोडक्या डोक्याने साहेबासमोर उभा राहिला. पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर पसरला. माझा अर्ज. लाल शेरा.

“हुजूर, बेअदबी माफ,” तो म्हणाला. “या मुकामाबद्दल सरकारचा हुकूम आधीच झालेला हाय. ‘ऐसा कोई मुकाम नहीं है.’ सही हाय, शिक्का हाय. माझी भाची म्हणते सभा तिथं झाली. सरकार म्हणतं ती जागाच न्हाई. जी जागा न्हाई तिथं कुलूप कुठं लावणार? अन् दुसरी जागा लिहायची तर सरकारी शिक्का खोटा ठरतो. मी गरीब अर्जनवीस. मला एवढंच कळतं.”

त्याचा आवाज अदबीचाच होता.   अर्ज लिहायची पंचवीस वर्षांची सनद त्याने त्या टेबलावर पणाला लावली होती.

अमीनसाहेबांनी शेरा दोनदा वाचला. शिक्का उजेडाकडे धरून पाहिला. मग खूप वेळ शिंकले, आणि रुमालाआड हसले की काय ते मला आजही सांगता येणार नाही. मुकामाचा रकाना त्यांनी कोराच सोडला.

“संध्याकाळच्या आत तालुक्याबाहेर जा,” ते म्हणाले. “आणि पुन्हा इकडे येऊ नका. सही करा.”

मी कोऱ्या रकान्याखाली देवनागरीत, ठसठशीत अक्षरात सही केली. मामाने खाली साक्षीदार म्हणून सही केली. त्याने टाक घेतला, क्षणभर थांबला, आणि मी पहिल्यांदाच माझ्या मामाला मराठीत सही करताना पाहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. सवय नव्हती.

बाहेर आल्यावर तो पायरीवर बसला. “सुमे,” म्हणाला, “आधी चहा पाज. अन् मग एक टोपी घे मला.”

पुन्हा नांदेड

मी शिकवत होते त्या शाळेने, माझी गरज उरली नसल्याचं मला लेखी कळवलं आहे. मामाच्या चटईजवळ आता एक शिपाई अधूनमधून उभा राहतो. त्यामुळे गिऱ्हाईक कमी झालं, की हा माणूस घाबरत नाही म्हणून वाढलं, याबद्दल घरात दोन मतं आहेत. मला पश्चात्ताप झाला आहे का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं. झाला आहे. ते चार पानी पत्रक इतकी वर्षं तपासून न पाहता पाठ म्हटल्याचा.

उदगीरला तुम्ही जाल तेव्हा किल्ला करीमचाचांबरोबर बघा आणि जमलं तर येळवसीला जा. मैदान कुठे म्हणून विचारू नका. चालू लागा.

परवा गुरुजींचं कार्ड आलं. वाचनालय उघडं आहे. रोज संध्याकाळी पाच-सात माणसं औशाच्या वाटेने फिरायला जातात, जाताना गुरुजी एखादं पुस्तक मोठ्याने वाचतात, आणि मागून जवान सायकल ढकलत येतो. एका ठिकाणी गुरुजींनी पान उलटायला वेळ लावला तर तो म्हणाला म्हणे, “आगे क्या हुआ?”

कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे आपण सगळे ‘मु. पो.’ लिहून गावाचं नाव घालतो, तिथे गुरुजींनी त्यांच्या त्या बारीक, सावध अक्षरात लिहिलं आहे:

मु. चालता, पो. उदगीर.